पालथ्या घड्याचं कौतुक

मास्तरकी केलेल्या माणसाच्या तोंडात काही वाक्प्रचार कायमचे बसलेले असतात. 'पालथ्या घड्यावर पाणी' हा त्यातला माझा सगळ्यात लाडका. पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवताना किती पोरांना ही पदवी बहाल केली असेल, याचा हिशोब नाही. शिकवून शिकवून घसा कोरडा झाला आणि समोरच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही, की मी खडू टेबलावर टाकून म्हणायचो, "पालथा घडा आहेस लेका!" वर्ग हसायचा. मीही हसायचो.

यंदाच्या जुलैत मात्र या घड्याने मला चार दिवस कामाला लावलं. त्याचीच ही गोष्ट. गोष्ट म्हणण्यापेक्षा माझं मत म्हणा, कारण घरात ते ऐकून घ्यायला आता कुणी तयार नाही!

झालं असं. आमचा नातू इंजिनिअरिंगला आहे आणि त्याला डोंगरांचं वेड आहे. कोल्हापुरातल्या पोराला ते नसेल तरच नवल. दरवर्षी जुलैत पन्हाळा ते पावनखिंड अशा पदभ्रमंती मोहिमा निघतात. 1660 च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा फोडून शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, त्या वाटेने आजची पोरं दोन दिवस चिखल तुडवत जातात. मसाईचं पठार, करपेवाडी, पांढरपाणी, आणि मग ती खिंड, जिथे बाजीप्रभूंनी देह ठेवला. मी स्वतः तरुणपणी दोनदा गेलो आहे, त्यामुळे नातू निघाला की मला बरं वाटतं.

मोहिमेच्या आधी सराव म्हणून तो मित्रांबरोबर एका रविवारी मसाईच्या पठारावर जाऊन आला. पाठीवर त्याची नवी पिशवी होती. 'हायड्रेशन पॅक' म्हणतात तिला. सॅकच्या आत दोन लिटर पाण्याची एक मऊ प्लास्टिकची पिशवी असते. तिच्या बुडातून एक लांब नळी निघते, ती खांद्यावरून छातीशी येते. नळीच्या टोकाला सिलिकॉनची एक चोच असते. ती दातांत धरून चावली आणि ओढलं, की पाणी तोंडात. थांबायला नको, सॅक उतरवायला नको, बाटली शोधायला नको. आतल्या पिशवीला पोरं 'ब्लॅडर' म्हणतात. मी शब्दकोशात अर्थ पाहिला आणि परत कुणाला विचारलं नाही.

तर त्या रविवारी चिरंजीवांनी तिच्यात लिंबाचं सरबत भरून नेलं. संध्याकाळी आले, सॅक दाराआड टेकवली, आंघोळ केली आणि झोपले. सॅक तिथेच. नऊ दिवस! पुढच्या मंगळवारी केर काढायला म्हणून सूनबाईंनी ती उचलली आणि म्हणाल्या, "आप्पा, कसला वास येतोय हो?"

मी चष्मा लावून झाकण उघडलं. आत तळाला दोन घोट सरबत उरलं होतं. पिशवीची आतली बाजू बोटाला बुळबुळीत लागत होती. नळीत जागोजाग काळपट ठिपके होते आणि त्या चोचीच्या चिरेत काळी रेघ. वास कसला म्हणून सांगू... आंबलेल्या फडक्याचा. आणि शनिवारी हीच पिशवी पाठीला लावून पोरगं पावनखिंडीला निघणार होतं.

"दे इकडे," मी म्हणालो, "मी बघतो." सौ. आतून म्हणाली, "अहो, घरातला एक तांब्या कधी विसळला नाहीत जन्मात, आता पिशवी धुणार?" तिचं चुकलं नव्हतं. त्या वाक्यात बरंच काही आहे, पण त्याकडे मी नंतर येतो.

आधी या पिशवीच्या कुळाबद्दल थोडं. (इतिहासाचा मास्तर आहे, सवय जात नाही.) पोरांना वाटतं ही अमेरिकेची नवलाई. खरंही आहे. 1980 च्या दशकाच्या शेवटी टेक्सासमध्ये मायकेल आयडसन नावाचा एक गृहस्थ भर ऑगस्टच्या उन्हात शंभर मैलांच्या सायकल शर्यतीत उतरला. त्या शर्यतीच्या नावातच 'नरकाहून गरम' असं आहे, यावरून ऊन समजा. हा माणूस तातडीच्या वैद्यकीय सेवेत कामाला. त्याने सलाईनची रिकामी पिशवी पाण्याने भरली, लांब पायमोज्यात घातली, तो मोजा बनियनच्या पाठीला अडकवला, नळी खांद्यावरून पुढे घेतली आणि तिला कपडे वाळत घालायचा चिमटा लावला. त्यातूनच पुढे 'कॅमलबॅक' ही कंपनी उभी राहिली.

पण पाठीवरून पाणी वाहायची पिशवी आपल्याला काय नवी? कातड्याची पखाल आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होती. भिस्ती पाठीवरून मसक न्यायचा, रेड्याच्या पाठीवर मोठी पखाल असायची. विहिरीवरची मोट चामड्याची होती. माझ्या लहानपणी आमच्या मळ्यात मोट होती. काम नसलं की आजोबा ती टांगून ठेवायचे आणि तेल पाजायचे. 'पाजायचे' हाच शब्द. पाणी वाहणाऱ्या वस्तूलाही काही पाजावं लागतं, तिची निगा राखावी लागते, हे त्या शब्दातच होतं. आपल्यात म्हण आहे ना, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला? ती चुकीच्या उपायाला म्हणतात. आमच्या घरी त्या मंगळवारी खरोखर पखालच आजारी होती आणि इंजेक्शन तिलाच हवं होतं!

आता धुण्याचं सांगतो. हे मी सविस्तर लिहितोय, कारण माझे भाचे-पुतणे आणि त्यांची पोरंही हे वाचतात आणि निम्म्यांच्या माळ्यावर अशी पिशवी पडलेली असणार याची मला खात्री आहे.

पहिली गोष्ट, सगळे भाग सुटे करा. झाकण, नळी, चोच. चोच ओढली की निघते. घाण सगळ्यात जास्त तिथेच असते आणि नेमकी तीच पोरं कधी काढत नाहीत.

दुसरी गोष्ट, पाणी कोमट घ्या. उकळतं नको, प्लास्टिक आहे. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून आतून हात फिरवा. माझा हात आत जाईना, म्हणून सौ.ने बाळाच्या बाटलीचा ब्रश काढून दिला. तो नातवाच्याच लहानपणचा निघाला. घासल्याशिवाय भागत नाही. ती बुळबुळ म्हणजे नुसता मळ नव्हे, तो जंतूंचा थर असतो. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात आणि स्वतःभोवती चिकट आवरण करून घेतात. नुसतं पाणी खळबळून टाकलं तर ते वरून निघून जातं, थर जागच्या जागी. शेवाळलेल्या पायरीवर बादलीभर पाणी ओतलं म्हणून घसरायचं थांबतं का?

तिसरी गोष्ट, खायचा सोडा. लिटरभर पाण्याला दोन मोठे चमचे. पिशवी भरली, नळी जोडली, चोच दाबून ते पाणी नळीतही उतरवलं आणि अर्धा तास तसंच ठेवलं. वास बराच गेला. दुसऱ्या खेपेला लिंबाचा रस घालून तसंच केलं. पण सोडा आणि लिंबू एकदम घालून झाकण लावू नका. मी लावलं. पिशवी टम्म फुगली आणि झाकण उघडल्यावर जे काही झालं ते सूनबाईंनी पुसलं. काही जण ब्लीचचे थेंब वापरतात. त्यांनी नंतर भरपूर पाण्याने धुवावं आणि त्याबरोबर लिंबू किंवा व्हिनेगर चुकूनही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

नातवाने संध्याकाळी आल्यावर मोबाईलमध्ये बघून सांगितलं की परदेशात काही लोक यासाठी कवळी साफ करायच्या गोळ्या वापरतात. माझ्याकडे डबी होतीच! चोच आणि कवळी शेजारी शेजारी वाट्यांत घालून ठेवली. घरात बराच वेळ हशा चालला होता.

नळी हे खरं दुखणं. तिच्यासाठी लांब ब्रश मिळतो म्हणे, आमच्याकडे नव्हता. मग मी परकरात नाडी ओवतात ती युक्ती केली. नायलॉनच्या बारीक दोरीला एका टोकाला लहानसा खिळा बांधला, दुसऱ्या टोकाला मऊ फडक्याची गाठ. खिळा नळीत सोडला, खालून बाहेर आला, मग दोरी ओढली. फडकं नळी पुसत पुसत आलं. पहिल्या खेपेला काळंकुट्ट. सहाव्या खेपेला स्वच्छ. सातव्या खेपेला मला उगाचच विहिरीचा गाळ काढल्यासारखं समाधान वाटलं. एवढं करूनही डाग आणि वास राहिलाच, तर नळी नवी घ्यावी. ती सुटी मिळते. पिशवीचाच वास जात नसेल तर तिचाही मोह धरू नये.

मंगळवारी रात्री सगळं स्वच्छ झालं आणि मला वाटलं, जिंकलो! छे. काम आत्ता सुरू झालं होतं. वाळवणं!

कोल्हापूरचा जुलै ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. आमच्याकडे या महिन्यात रुमाल दोन दिवस वाळत नाही, मिठाला पाणी सुटतं, पुस्तकांना कुबट वास येतो. अशा हवेत एका बंद तोंडाच्या, भिंती एकमेकींना चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीने वाळावं कसं? पहिल्या रात्री मी ती नुसती उलटी टांगली. सकाळी बघतो तर आत दव पडल्यासारखे थेंब. दोन्ही भिंती चिकटलेल्या, हवा खेळणार कुठून?

मग उपाय सापडला. आत काहीतरी घालून पिशवी उघडी धरायची. मी स्वयंपाकघरातून रवी उचलली आणि दांड्याने बाहेर धरून तिचं बोंड पिशवीत घातलं. पिशवी मस्त फुगून राहिली. आणि मग मागून आवाज आला, "अहो, ताकाची रवी!" ... असो. दुसऱ्या दिवशी भर पावसात महाद्वार रोडवर जाऊन एक नवी रवी आणली. आता ती 'पिशवीची रवी' म्हणून वेगळ्या खिळ्याला असते.

नळीतलं पाणी काढायला मी गच्चीच्या जिन्यात उभं राहून तिचं एक टोक धरलं आणि गोफणीसारखी गरगर फिरवली. पाणी सूं करत बाहेर. शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहिलं आणि काही न बोलता खिडकी लावून घेतली. नळी उभी टांगली, चोच वेगळी ठेवली, पिशवी रवीसकट पंख्याखाली. गुरुवारी रात्री आत कागदाचा बोळा फिरवला, तो कोरडा निघाला. म्हणजे दोन दिवस आणि तीन रात्री.

दाराआड सॅक टेकवणाऱ्याला हे दोन दिवस दिसत नाहीत. वास्तविक ही गोष्ट कोल्हापूरकराला शिकवावी लागू नये. आपल्या चपला बघा. कोल्हापुरी चप्पल भिजली तर आपण ती तशीच फडताळात ढकलतो का? सावलीत, वाऱ्यावर सुकवतो, मग तेलाचा हात फिरवतो. तसं केलं नाही तर चार दिवसांत बुरशी धरते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पायातल्या वस्तूची एवढी काळजी, आणि तोंडात घालायच्या वस्तूला दाराआडचा कोपरा?

नातवाचं म्हणणं वेगळं. तो म्हणाला, "आजोबा, सगळ्यांच्या पिशव्या अशाच असतात. काही होत नाही. आणि झालीच खराब तर नवीन घेऊ." त्याच्या पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे, हे मी मान्य करतो. अशा पिशवीतून प्यायलेला प्रत्येक जण आजारी पडत नाही. पण 'काही होत नाही' हे 'आजवर काही झालं नाही' याचं लाडकं नाव आहे. आणि नवीन घेऊ म्हणाल, तर मग पाण्याच्या विकतच्या बाटल्यांनी काय वाईट केलं होतं? त्या वाटेवर फेकलेल्या बाटल्यांचा खच आपण दरवर्षी बघतो. ही पिशवी चांगली ती याचसाठी, की ती वर्षानुवर्षं टिकते आणि बाटल्या वाचवते. पण टिकते ती निगेने.

मी काही पिशवीच्या विरोधात नाही हं. तुम्हाला वाटेल म्हातारा म्हणणार, आमच्या वेळचा तांब्याच बरा. तसं नाही. मसाईच्या पठारावर आडवा पाऊस लागला की एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने कांबळं सावरताना बाटली काढणं काय असतं ते मला माहीत आहे. तहान लागूनही पोरं थांबायचा कंटाळा करतात आणि पाणी पीत नाहीत. छातीशी नळी असेल तर घोट घोट पिणं होतं. मला एवढंच म्हणायचंय की पिशवीत फक्त साधं पाणी भरावं. सरबत, ओआरएस जे काही हवं ते वेगळ्या, रुंद तोंडाच्या बाटलीत. साखर मिळाली की बुरशीची चंगळ होते. आणि रुंद तोंडाची बाटली हाताने घासता येते, पालथी घालता येते.

पाण्याच्या बाबतीत आपली एक खोड आहे. पाणी आलं कुठून, हे आपण कळकळीने विचारतो. ते राहिलं कशात, हे विचारत नाही. काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनसाठी या शहराने किती वर्षं आंदोलनं केली! शेवटी 2023 च्या दिवाळीत ते पाणी पन्नासहून जास्त किलोमीटरचा प्रवास करून कोल्हापुरात पोचलं. मीही मोर्चात चाललेला माणूस, मला आनंदच झाला. पण ते पाणी आपण ज्या टाकीत, ज्या माठात, ज्या बाटलीत घेतो ती शेवटची कधी धुतली? 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचा महापूर आला, उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि भर पुरात आपण टँकरपुढे रांगा लावल्या. तेव्हा माळ्यावरून जो मिळेल तो कॅन काढून लोक धावत होते. मीही धावलो होतो. पण रांगेत उभं राहण्याआधी मी माझा कॅन नाकाशी नेला होता. त्याला कारण आहे, आणि ते सांगायलाच खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

1986 साल. डिसेंबर महिना. मी पन्नास-एक पोरांची सहल घेऊन एस.टी.ने पन्हाळ्याला गेलो होतो. पाण्यासाठी शाळेच्या कोठीतले दोन प्लास्टिकचे कॅन घेतले, वीस-वीस लिटरचे. सहलीचा प्रमुख मी, पाण्याची जबाबदारी माझी. ते कॅन पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमाला वापरले होते आणि तळाशी उरल्या पाण्यासकट बूच लावून ठेवले होते. ते ठेवणाराही मीच. सकाळी घाईत नळाखाली धरले, एकदा खळबळले, भरले. आत डोकावलो नाही. घरी भांडी बायको घासायची, शाळेत शिपाई. भांडं आतून कसं दिसतं हे बघायची मला सवयच नव्हती.

तीन दरवाज्यापाशी पोरं पाणी प्यायला थांबली. एक मुलगा पेला तोंडाला लावून थांबला आणि म्हणाला, "सर, पाण्याला वास येतोय." हा माझा नेहमीचा गिऱ्हाईक. तारखा पाठ नाहीत, व्याकरण येत नाही. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "वर्गात डोकं चालत नाही आणि इथे बरं नाक चालतं! पालथा घडा नुसता. गप पी." पोरं हसली. तो प्यायला.

रात्रीपासून नऊ पोरांना उलट्या-जुलाब सुरू झाले. आठ जण दोन दिवसांत सावरले. त्याला मात्र दवाखान्यात ठेवावं लागलं. दोन रात्री सलाईन. मी बाकावर बसून त्या बाटलीतून पडणारे थेंब मोजत होतो. मघाशी मी त्या टेक्सासच्या सलाईनच्या पिशवीची गोष्ट सांगितली ना, ती पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ही बाटली आली होती. डॉक्टरांनी पाण्यामुळेच झालं असं छातीठोकपणे सांगितलं नाही. सहलीत पोरं काय काय खातात. पण तिसऱ्या दिवशी मी एकटाच कोठीत गेलो, कॅनचं बूच काढलं, आत हात घातला. बोटं बुळबुळीत झाली. कॅन कापून बघितला तर आतून हिरवा-काळा थर.

मी ते कुणाला सांगितलं नाही. नवे कॅन आणले, जुने भंगारात दिले. मुलगा बरा होऊन वर्गात आला, मी त्याची विचारपूस केली. पण त्या वर्गासमोर उभं राहून 'तुझं नाक बरोबर होतं, माझं चुकलं' हे एक वाक्य मला म्हणता आलं नाही.

2014 मध्ये एका लग्नात तो भेटला. चाळिशी ओलांडलेला, स्वतःचं वर्कशॉप असलेला. वाकून नमस्कार केला. मी मनाचा हिय्या करून म्हणालो, "अरे, ते पन्हाळ्याचं पाणी... माझी चूक होती ती." त्याला आठवेचना! उलट्या, दवाखाना, सलाईन, सगळं विसरला होता. मग हसून म्हणाला, "पाण्याचं काय नाही सर. पण तुम्ही पालथा घडा म्हणालात ना, ते नाव दहावीपर्यंत चिकटलं बघा. पोरं घड्याच म्हणायची." हसतच म्हणाला. पण म्हणाला. लग्नाचं जेवण मला गेलं नाही.

म्हणून परवा मी सूनबाईंना पिशवी धुवू दिली नाही. मला जुनी बाकी फेडायची होती. पण माझं मत असं झालंय की ज्याने वापरली त्यानेच धुवावी, आणि तेही आईच्या हातात न देता. यात स्वच्छतेपेक्षा मोठी गोष्ट आहे. जो स्वतः धुतो तोच आत बघतो. मी आयुष्यभर दुसऱ्याने धुतलेल्या भांड्यातून प्यायलो, म्हणून मला कॅनच्या आत बघायचं सुचलं नाही. आपण पोरांना सॅक भरायला शिकवतो, ती रिकामी करायला शिकवत नाही. मोहीम पावनखिंडीत संपत नाही, घरी आल्यावर तर नाहीच नाही. पिशवी वाळून खिळ्याला लागली की संपते.

हे सगळं, 1986 सकट, मी शुक्रवारी रात्री नातवाला सांगितलं. तो गप्प ऐकत होता. मग त्याने पिशवी उचलली, नाकाशी नेली आणि म्हणाला, "वास नाही." एवढंच. शनिवारी पहाटे साधं पाणी भरून गेला. जाताना मी विचारलं, "आणि आल्यावर?" तर म्हणाला, "लगेच वाळणार नसेल तर रिकामी करून फ्रीझरमध्ये टाकेन. गोठलं की बुरशी वाढत नाही." बरोबर आहे. मात्र त्याने वाढ थांबते, जंतू मरत नाहीत, एवढं मी त्याला ऐकवलंच. मास्तर तो मास्तर.

रविवारी रात्री आला तो चिखलाचा पुतळा होऊन. जेवला आणि पडला. मी काही बोललो नाही. बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. सोमवारी सकाळी दहाला उठला, डोळे चोळत मोरीत गेला आणि पिशवी धुतली. नळी विसरला. पण रवी आठवणीने घातली. दुपारी स्वयंपाकघरात गेलो तर ताकाची रवी जागेवर होती आणि दुसऱ्या रवीवर ती पिशवी पालथी लटकत होती, तोंडातून एक एक थेंब गाळत.

मी बराच वेळ बघत उभा राहिलो. आपण घडा पालथा घालतो तो धुऊन झाल्यावर, आतलं पाणी निथळून जावं म्हणून. पुन्हा भरायच्या आधी त्याला तेवढा वेळ द्यावा लागतो. पालथ्या घड्यावर पाणी ओतून वर त्यालाच नावं ठेवत मी पस्तीस वर्षं काढली. तो वाळेपर्यंत थांबावं, हे मला सुचलं नाही.

नळी मात्र मी धुतली नाही. संध्याकाळी नातू आला तेव्हा ती त्याच्या टेबलावर होती, शेजारी दोरी, खिळा आणि फडकं.

तुमच्या घरातही अशी पिशवी, बाटली, डबा कुठेतरी दाराआड असेलच. आज उठून एकदा उघडा आणि वास घ्या. आणि घरातलं एखादं पोर म्हणालं की पाण्याला वास येतोय, तर आधी तो पेला आपल्या नाकाशी न्या.